सात पाण्यांचा कागद

१२ जानेवारी

आत्या,

अक्षर ओळखीचं वाटत नसेल तर पाकीट उलटून बघ. मागे ‘टिपकागद’ असं लिहिलंय. मोठ्यांच्यात बसून कानावर पडेल ते शोषून घ्यायचं आणि नको तिथे उमटवायचं, म्हणून तूच ठेवलेलं नाव. नऊ वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून.

तुझा पत्ता मला एका जुन्या शब्दकोशाने दिला. कॉलेजच्या ग्रंथालयात तो नव्याने बांधून आला होता. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद कांद्याच्या सालीचा होता, आणि असा कागद करणारं आमच्या कारखान्याबाहेर एकच माणूस मला माहीत आहे. बांधणीवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी आत होती. फोन केला तर तो म्हणाला, आमच्याकडे एक बाई आहेत, बोलतात कमी आणि ओरडतात जास्त. म्हटलं, सापडली.

मी वर्षभर कारखान्यात काम करतेय, तेही ऑफिसात नाही, ओल्या खोलीत, जिथे लगदा धुतात आणि जाळीच्या चौकटीवर कागद उचलतात. सगळं तुझ्या वेळचंच आहे, फक्त मोठं झालंय. रोज सकाळी भाजीबाजारातून केळीची खोडं, कांद्या-लसणाची सालं आणि मक्याची पानं ट्रकने येतात, आणि वह्या, पाकिटं, फोल्डर होऊन बाहेर जातात. दारावर बाबांचा फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘कचऱ्याला कागद करणारा माणूस’.

आता कामाचं. आमचा कागद बाहेर जाताना देखणा असतो. पाच-सहा महिन्यांत पिवळा पडतो आणि घडी घातली की कोपरा तुटून हातात येतो. दोन गिऱ्हाइकांनी माल परत केला. बाबा म्हणतात, त्यांनी तो दमट जागी ठेवला असणार. आणि आता विद्यापीठाने पदवीपत्रांचं काम दिलंय. बाराशे कागद, तीन मेला समारंभ. तुझ्या चोपडीतलं अक्षर न् अक्षर पाळतो आम्ही, तरी असं होतंय. चोपडीत काय नाहीये, आत्या?

हे पत्र बाबांना माहीत नाही.

तुझी भाची


२० जानेवारी

टिपकागद,

फाडलं नाही. पण आधी वाचलंही नाही. आधी वास घेतला, मग कोपरा जिभेला लावला आणि थुंकले. कारागीर कागद असाच वाचतो. तुझ्या बापासारखा उजेडात धरून ‘वा वा’ करत नाही. तो विकणाऱ्याचा चाळा. मी या जन्मात कागद उजेडात धरणार नाही, त्याची आठवण होते.

काय चुकतंय ते मला तेवढ्यात कळलं. सांगणार नाही.

का ते तुला माहीत असायला हवं, पण तुझ्या घरात ही गोष्ट कशी सांगतात कोण जाणे, म्हणून माझ्या तोंडून ऐक. बाजारात कांद्याची सालं वाऱ्यावर उडताना पाहून हा उद्योग सुचला तो मला. मागच्या शेडमध्ये सात वर्षं मी सालं शिजवली, तेव्हा तुझा बाप मला उकिरड्याची राणी म्हणायचा आणि पाहुणे आले की शेडचं दार लावून घ्यायचा. मग एक दिवस लगदा कुटायच्या यंत्राने माझ्या डाव्या हाताची करंगळी अर्धी नेली. अकरा दिवस दवाखान्यात होते. दादा रोज यायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, सह्या घ्यायचा. दवाखान्याचे कागद आहेत म्हणाला. मी भाऊ म्हणून सह्या केल्या. परत आले तर कुलूप नवीन, पाटी नवीन, आणि वॉचमन मला विचारतो, बाई, कोणाला भेटायचंय? माझ्याच शेडच्या दारात! दादा बाहेर आला आणि चार कामगारांदेखत म्हणाला, तुझ्या हातून आता व्हायचं नाही, डोकंही ठिकाणावर दिसत नाही, घरी जा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आता सभेत उभा राहून नाकाने कांदे सोलतो म्हणे. सोल म्हणावं, सालं माझी आहेत.

चोपडी त्याने माझ्या उशीखालून नेली. पण जे जिभेला माहीत असतं ते कुणी चोपडीत लिहितं का?

मला कारखाना नको, तो त्याला लखलाभ. मला एवढंच हवंय, की हा कागद माझा आहे हे चार माणसांत त्याच्या तोंडून निघावं. ते होणार नसेल तर त्याच्या कागदाचा भुगा होऊ दे, आणि तो मला बघायला मिळू दे. नऊ वर्षं मी दुसरं काही मागितलेलं नाही.

आणि हो, त्या दिवशी वरच्या खिडकीत कोण उभं होतं, ते मी पाहिलं होतं.

आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

मीच होते. चौदा वर्षांची होते, मला कुणी धरून ठेवलं नव्हतं, दाराला कडीही नव्हती. तुझ्या हाताला पट्टी होती आणि तू वर बघितलंस. मी पडदा सोडला. घाबरले, बाकी काही कारण नाही. कारण शोधायचा प्रयत्न मी पुष्कळ केला.

बाबांबद्दल तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही. परवा विद्यापीठाचे कुलसचिव नमुना बघायला आले होते. बाबांनी त्यांना ओल्या खोलीत आणलं नाही, त्यांचे बूट खराब होतात म्हणून ते स्वतःही तिथे पाऊल टाकत नाहीत. ऑफिसातच कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि कांद्याची सालं वाऱ्यावर उडाल्याची गोष्ट सांगितली. तुझी गोष्ट, शब्दही तुझेच, फक्त ‘मी’ त्यांचा. कुलसचिवांना ती फार आवडली. तीन मेला मंचावर हाच खेळ आहे: बाबा पहिलं पदवीपत्र उजेडात धरून सगळ्यांना दाखवणार आणि मग भाषण. मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे आपटावासा वाटला.

मिस्त्री अजून आहेत. तुझा हात यंत्रातून ज्यांनी ओढून काढला तेच. तुझी चौकशी करतात, पण हळू आवाजात.

तरीही मागतेच. पदवीपत्र माणूस जन्मभर जपतो. कुणी आईवडिलांना दाखवायला नेईल, कुणी भिंतीवर लावेल. त्या पोरापोरींनी तुझं काय बिघडवलंय? एवढंच सांग, काय चुकतंय?

तुझी भाची


११ फेब्रुवारी

प्रिय टिपकागद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चौदा वर्षांच्या पोरीवर मी इतकी वर्षं राग धरून बसले, मलाच वाईट वाटलं. जाऊ दे. रक्ताचं नातं पाण्याने धुतलं जात नाही म्हणतात.

सांगते काय करायचं ते. तुमच्या लगद्यात धुण्याचा सोडा मागे राहतो, म्हणून कागद पिवळा पडतो. त्यावर तुरटी घालायची. चिमूटभर नाही, दर पिंपाला भरपूर दोन ओंजळी. सोडा मरतो, पिवळेपणा जातो, आणि कागद असा कडक होतो की हलवला तर नव्या नोटेसारखा वाजतो. धुण्यात वेळ घालवू नका, दोनदा धुतलं की पुरे. तुरटी सगळं सांभाळते.

मिस्त्रींना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, हात दुखतो अधूनमधून, पण लिहिता येतं.

हे मी सांगितलंय असं बाबांना कळू देऊ नकोस. श्रेय त्याचंच असू दे, त्याची सवय आहे.

तुझी आत्या


६ मार्च

प्रिय आत्या,

तुरटी घातली, आणि हे बघ, तुझ्या हातात आहे तो त्याच लगद्याचा कागद. वाजवून बघ. ऑफिसात सगळ्यांनी वाजवून पाहिला. बाबा तर इतके खूश झाले, की म्हणाले, पोरीला माझी नजर आहे. मी मान खाली घालून हसले.

पदवीपत्रांसाठी मिस्त्रींनी दोन नव्या चौकटी बांधल्या आहेत. जाळी बारीक, तार शिवायला त्यांना चार दिवस लागले, डोळ्यांना आता दिसत नाही म्हणतात पण हात अजून तसाच आहे. नव्या चौकटी लागल्यापासून ओल्या खोलीत सगळे जरा जास्तच मन लावून काम करतात. का ते बाबांना कळत नाही. बाबांच्या ऑफिसचं लेटरहेड संपलं होतं, तेही याच चौकटींवर काढून दिलं. छापखान्यातून आलं की दोन वर्षं पुरेल.

कागद कसा वाटला ते कळव. पण नीट बघ हं. नेहमीसारखी जीभ लावून बाजूला ठेवू नकोस.

तुझी भाची


१३ मार्च

प्रिय टिपकागद,

नीटच बघितला. नऊ वर्षांत जीभ बोथट झालेली नाही. कोपरा लावला मात्र, तोंड आवळून आलं. तुरटी चांगली भरपूर घातली आहेस. गुणाची ग माझी पोर.

बाराशेच्या बाराशे असेच काढ, आणि पुढची पत्रंही याच कागदावर लिही. बघायला बरं वाटतं.

आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

बाराशे कागद झाले, छपाईला गेले. हे पत्रही तुला हव्या त्याच कागदावर लिहितेय. माझं एक काम कर. तुझ्या खोलीला खिडकी आहे ना? दिवसा, निवांत, तिच्यापाशी बसून वाच.

समारंभाला येशील का? मंचाच्या मागच्या बाजूला माझ्याशेजारी जागा आहे.

तुझी भाची


२७ एप्रिल

टिपकागद,

येणार नाही. का ते आज लिहिते, कारण आता छपाई झालेली आहे आणि कुणाला काही करता येणार नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय हा सूड मला गोड लागत नाही, आणि मला सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही. काय दिवस आलेत बघ.

तुरटीने कागद मरतो. सुरुवातीला वाजतो, कडक दिसतो, सगळे माना डोलावतात. वर्षभरात तो आतून जळायला लागतो. आधी कडा तपकिरी होतात, मग घडीवर चीर जाते, मग फ्रेमीत लावलेल्या कागदाचे तुकडे काचेच्या तळाशी साचतात. बाराशे घरांतून तुझ्या बापाला फोन जातील. विद्यापीठ त्याला जाब विचारेल. वर्तमानपत्रवाले, ज्यांना त्याने माझी गोष्ट विकली, ते त्याच फोटोखाली दुसरी गोष्ट छापतील. आणि त्याला उपाय सापडणार नाही, कारण उपाय माझ्या तोंडात आहे. करावं तसं भरावं. मी इथे बांधणीच्या टेबलाशी बसून वाट बघणार आहे. नऊ वर्षं बघितली, आणखी एक वर्ष म्हणजे काहीच नाही.

तुला फसवलं, ते कबूल करते. तू माझ्याकडे विश्वासाने आलीस आणि मी तुझ्या हातून काम करून घेतलं. तुझ्या बापानेही माझ्याशी तेच केलं होतं. हे लिहिताना पेन थांबलं, पण खोडत नाही.

एक ऐक. पदवीपत्रांच्या कामाच्या कागदांवर ओल्या खोलीकडून तुझी सही गेली असेल. कागद तुटायला लागला की दादा तुझ्याकडे बोट दाखवेल. मी त्याला ओळखते, आपल्या अंगाला काही लावून घेणारा माणूस नाही तो. त्याच्या आधी तिथून बाहेर पड. इथे ये. खोली लहान आहे, पण गॅलरीत एक टब आहे, दोघींना पुरेल. तीन मेला मंचाच्या आसपास उभी राहू नकोस. एवढं माझं ऐकच.

आत्या


५ मे

आत्या,

तुझं पत्र समारंभाच्या सकाळी पोचलं. वाचलं, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि मंचावर गेले. आता पहिल्यापासून सांगते, मध्ये ओरडू नकोस.

तू मला फसवलंस ते मला फेब्रुवारीतच कळलं होतं. ‘कोपरा जिभेला लावला आणि थुंकले,’ असं तू रागाच्या भरात पहिल्याच पत्रात लिहून बसलीस. मी आमचा एक कागद जिभेला लावला. साबणासारखा बुळबुळीत लागला. मग तुझं पत्र लावलं, कारण तेही तू तुझ्याच कागदावर लिहिलं होतंस. त्याला चवच नव्हती, पाण्यासारखा लागला. आणि मला टबाशेजारचा माझा लाकडी पाट आठवला. आठ वर्षांची होते. तू प्रत्येक धुण्यानंतर लगद्याची बोटभर गोळी माझ्या जिभेला लावायचीस आणि विचारायचीस, काय लागतं? मी म्हणायचे, साबण. मग आणखी एक पाणी. सातव्या पाण्याला मी म्हणायचे, काहीच नाही. तू म्हणायचीस, आता हा कागद शंभर वर्षं जगेल. टिपकागद नाव तूच ठेवलंस ना? मग.

आमच्याकडे तीनदा धुतात, वेळ वाचावा म्हणून. चोपडीत ‘नीट धुणे’ एवढंच लिहिलंय. तेवढंच चुकत होतं. मग तुझं गोड गोड पत्र आलं, दोनदा धुवा आणि दोन ओंजळी तुरटी घाला. माझी आत्या आणि श्रेय बाबांचं असू दे म्हणते! तिथेच पाल चुकचुकली.

बाराशे कागद मी सात पाण्यांनी धुतले. ओल्या खोलीतल्या सगळ्यांनी जिभा बाहेर काढून. हसून हसून पोट दुखलं आमचं. तुरटीचा लगदा मी फक्त एक बादली केला, त्याचा एक गठ्ठा कागद काढला. तुला पत्रं लिहिण्यापुरता नव्या चौकटींवर, आणि बाबांना वाजवून दाखवण्यापुरता जुन्या चौकटीवर. तू जीभ लावणार हे माहीत होतं. बाबा वाजवणार हे माहीत होतं.

आत्या, तुझा सूड खरा होता, पण त्याच्यावर पत्ता चुकीचा लिहिला होता. तो बाराशे परक्या घरांत जाणार होता. बाबांनी गिऱ्हाइकाला दोष दिला असता, मग मला दिला असता, आणि जेवून झोपले असते. आणि तू काय मागितलं होतंस? हा कागद तुझा आहे, हे चार माणसांत त्यांच्या तोंडून निघावं. भुग्याने ते कधीच निघालं नसतं.

म्हणून मिस्त्रींनी तांब्याची तार घेतली आणि नव्या चौकटींच्या जाळीवर एक चित्र शिवलं. तार असते तिथे लगदा पातळ बसतो. एरवी काही दिसत नाही, पण कागद उजेडात धरला की तेवढी रेघ उजळते. चित्र काढायला त्यांना नमुना लागला नाही. म्हणाले, तो हात मी यंत्रातून काढलाय, मला विचारू नका कसा दिसतो.

आता मंचावरचं ऐक. हजारावर माणसं, मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. बाबांनी पहिलं पदवीपत्र उचललं, कांद्याच्या सालीची गोष्ट सांगितली, आणि सवयीप्रमाणे कागद उजेडात धरला, कागदाची पाठ स्वतःकडे आणि तोंड लोकांकडे करून. त्यांना दिसलंच नाही. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. प्रमुख पाहुण्या म्हणजे एक वयस्क डॉक्टरीणबाई, हातांची शस्त्रक्रिया करणाऱ्या. त्या उठून जवळ आल्या, कागद निरखला आणि माइकवरूनच विचारलं, हा हात कोणाचा?

बाबांनी कागद फिरवून पाहिला. आत्या, मी त्यांचा चेहरा तुझ्यासाठी नीट बघून ठेवलाय. आधी काही नाही, मग कान लाल, मग ओठ पांढरे. पण विकणारा माणूस तो. लगेच सावरले आणि म्हणाले, ही कष्टकऱ्यांच्या हाताची खूण आहे, आमच्या कंपनीचं नवं चिन्ह.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मग करंगळी अर्धी का?”

बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मंचाच्या आसपास नाही, अगदी मंचावर, त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. या वेळी पडदा सोडला नाही. नुसती बघत राहिले. माझ्यामागे मिस्त्री धुतलेला शर्ट घालून उभे होते.

“माझ्या बहिणीचा आहे,” बाबा म्हणाले. हळूच म्हणाले, पण माइक चालू होता.

बाईंनी पुढचं विचारलं, म्हणजे हा कागद त्यांनी केलाय? आणि बाबा म्हणाले, हो, सुरुवात तिने केली. सुरुवात हा शब्द त्यांनी घुसवलाच, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण हो म्हणाले. हजार माणसांत. मग नाव पुकारलं जाईल तसा एकेक मुलगा, एकेक मुलगी पदवीपत्र घेऊन खाली उतरायचे आणि सरळ खिडकीकडे जायचे. थोड्या वेळाने सगळ्या खिडक्यांत कागद वर धरलेले, आणि प्रत्येकात तुझा हात. मी रडले, ते तुला सांगायला हरकत नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काल म्हणाले, उद्यापासून कामावर येऊ नकोस. मिस्त्री तिथेच होते. ते म्हणाले, साहेब, मग उद्यापासून ओल्या खोलीत तुम्हीच या, बूट काढून. विषय संपला. मी कामावर आहे.

आता जा आणि माझी मार्चपासूनची पत्रं काढ. उजेडात धर. पहिल्यापासून तुला सांगत होते. नीट बघ म्हटलं, खिडकीपाशी बसून वाच म्हटलं, आणखी किती सांगू? धरलं असतंस तर समारंभाच्या सकाळी आलेलं ते पत्र तुला लिहावं लागलं नसतं. ते मी जाळून टाकलंय. माझ्यासाठी तू कधी लिहिलंच नाहीस.

टिपकागद


१४ मे

टिपकागद,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझी दोन्ही पत्रं माझ्या उशाच्या डब्यात होती. एक मार्चचं, एक एप्रिलचं. दोन्ही जिभेला लावून, खूश होऊन, वर झाकण लावून ठेवली होती. काल सकाळी खिडकीशी नेली. उजेडात कागद धरायला हात वर जाईना, इतकी वर्षं तो चाळा त्याचा म्हणून टाकून दिला होता. मग धरला. मिस्त्रींचं कौतुक वाटतं, नखाचा वळणदारपणासुद्धा आलाय. मी माझा डावा हात कागदाच्या मागे लावला. जुळला. करंगळीशी थांबतो तिथेच थांबला.

लाज वाटली. खरंच सांगते, लाज वाटली. मी त्या पोरांच्या जन्माची कमाई जाळायला निघाले होते आणि वर स्वतःला कारागीर म्हणवत होते. सात पाणी न देता कागद उचलला असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग, आणि तोही तू वेळेवर धुतलास. पण दादाचे ओठ पांढरे झाले ते तू लिहिलंस, तो भाग मी रोज एकदा वाचते. त्याची लाज वाटत नाही. ते सुख मी कुणाला देणार नाही.

त्या दिवशीच्या वरच्या खिडकीचं आता काढू नकोस. फिटलं.

परवा त्याचं पत्र आलं, पत्ता माझ्या एखाद्या पाकिटावरून उचलला असेल. नऊ वर्षांत पहिलं. दादाचं अक्षर अजून तसंच, ऐटदार. कशी आहेस नाही, हात कसा आहे नाही. कंपनीच्या लेटरहेडवर, टाईप करून घ्यायचीही शरम वाटली असेल म्हणून हाताने लिहिलंय, की या कागदावर, या कारखान्यावर आणि त्या चिन्हावर माझा काहीही हक्क नव्हता आणि नाही, असं मी खाली सही करून परत पाठवावं. खाली माझ्या सहीसाठी रेघही आखून दिली आहे. सही घ्यायची त्याची हौस जात नाही. समारंभातलं बोलणं भावनेच्या भरात झालं म्हणे.

आधी मी तो कागद जिभेला लावला. काही लागलं नाही, सात पाणी पुरे झालेली. मग काय वाटलं कोण जाणे, खिडकीशी नेला.

टिपकागद, लेटरहेड त्याच चौकटींवर काढलंयस, हे तू लिहिलं होतंस आणि मी विसरले होते. तो बिचारा तर उजेडात धरायलाच विसरला असेल. माझा काही हक्क नाही, असं त्याने माझ्या तळहातावर लिहून पाठवलंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि दोन वर्षं पुरेल एवढा गठ्ठा त्याच्या कपाटात आहे, म्हणजे दोन वर्षं तो ज्याला ज्याला पत्र लिहील त्याच्या घरी मी जाणार.

त्याला ते सांगू नकोस. चौकटींची तार काढू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात मी येते, पाहुणी म्हणून नाही, ओल्या खोलीत. मिस्त्रींना म्हणावं, माझा पाट शोधून ठेवा.

दादाचं पत्र मी आजच परत टाकलं. सही केली नाही. रेघेच्या वर एवढंच लिहिलं: दादा, उजेडात धर.

तुझी आत्या